जिरेनला बांधत नाहीत

रबिगाच्या गाडीला नावं ठेवायला कारागांडात कुणाला कारण लागत नसे. गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे बाकी सगळ्या शहराच्या उलट बाजूला. जपानहून हात बदलत बदलत ती जानिबेकच्या दारात आली, तेव्हा त्याने तिचं नाव जिरेन ठेवलं. तांबड्या घोड्याला आमच्याकडे जिरेन म्हणतात. शेजारचे म्हणाले, "घोडा? अरे, हा तर ससा!" जानिबेक हसला. मग त्याने त्या शेजाऱ्यांना एकेक करून शेजारी बसवून हायवेवरून फिरवून आणलं, आणि पुन्हा कुणी ससा म्हणालं नाही.

तो जानिबेक गेल्या फेब्रुवारीत गेला. दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी करणारी त्याची बायको रबिगा मागे राहिली, आणि जिरेन राहिली.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी जानिबेकचा थोरला भाऊ गावाहून जीप घेऊन आला. त्याचं नाव एसिमखान, पण हे नाव रबिगाने तीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं. सुनेने सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तुम्हालाही नवी नसेल. ती त्याला बाय-आगा म्हणायची, म्हणजे शेठजी दादा. तो तिला केलिन म्हणायचा, म्हणजे सूनबाई. बावन्न वर्षांची सूनबाई!

एसिमखान गॅरेजच्या दारात उभा राहिला. रबिगा गाडीखाली आडवी पडून पत्र्याला मेणासारखं घट्ट तेल फासत होती.

"केलिन, तू अजून चालवतेस हिला?"

"चालवते, बाय-आगा."

"त्याच्या घोड्याची शेपटी मी माझ्या हाताने कापली. आयाळ कापली. मोकळा सोडलाय, वर्षभर त्याच्यावर माशी बसू देत नाही मी. मेलेल्या माणसाचं वाहन आहे ते. आणि तू त्याच्या गाडीत बसून बाजारात जातेस! लोक काय म्हणतात ठाऊक आहे?"

"बुटकी आहे म्हणतात. ते तर आधीपासून म्हणतात."

एसिमखानला विनोद कळायचे, पण दुसऱ्याने केलेले आवडायचे नाहीत. त्याने घसा खाकरला. "हिवाळाभर झाकून ठेव. वर्षाच्या जेवणाला मी ट्रक पाठवतो. शर्यतीचं पहिलं बक्षीस हीच गाडी. चार गावांना सांगून टाकलंय मी."

रबिगाच्या हातातला ब्रश थांबला. वर्षाच्या जेवणाला घोड्यांची शर्यत होते, पहिल्या येणाऱ्याला मोठं बक्षीस देतात, त्यावरून मेलेल्याची इज्जत मोजली जाते. आता नाही म्हणावं, तर चार गावं म्हणणार की बायकोने नवऱ्याच्या जेवणाला हात आखडला. हो म्हणावं, तर जिरेन जाते. एसिमखानने तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती गाडीखालून बाहेर आली. तोंडावर तेलाचे ठिपके, कपाळावरचा काळा रुमाल तिरका. "ट्रक पाठवू नका. मी चालवत आणीन."

"फेब्रुवारीत? या उघड्या माळरानातून?"

"आणि चालवतच परत नेईन."

एसिमखान जाताना हसत होता. बाईमाणूस दुःखात काहीबाही बोलतं, असं त्याने स्वतःला समजावलं असणार.

खरं तर उन्हाळा जानिबेकचा असे आणि हिवाळा रबिगाचा. तो पठ्ठ्या ऊन असलं की वाऱ्याशी शर्यत लावायचा, पण बर्फ दिसला की गाडीवर ताडपत्री टाकून मोकळा. रबिगानेच एका वर्षी ती ताडपत्री ओढून काढली होती. उभी ठेवलेली गाडी उभ्या उभ्या मरते, बॅटरी बसते, उंदीर तारा कुरतडतात. आणि माझ्या घरात कुणी झाकून राहायचं नाही, असं तिने ठणकावलं. मग दोघं गोठलेल्या तलावावर गेली आणि घसरायला शिकली. ब्रेकवर पाय ठेवायचा तो मांजराच्या शेपटीवर चुकून पडल्यासारखा, लगेच उचलायचा. दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं. डिकीत मागच्या चाकांच्या वर वाळूची पोती. खिळ्यांचे टायर, तेही अरुंद, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतात. आणि थंडीत हातब्रेक ओढायचा नाही, कधीच नाही. चाकातला बर्फ गाडीच्या उबेने वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि ओढलेला ब्रेक चाकाला असा चिकटतो की गाडी जागची हलत नाही. गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली विटेचा तुकडा, बस्स.

जानिबेक गेल्यानंतरचा हा हिवाळा रबिगाने हट्टाने काढला. रस्त्यावर मीठ टाकलं जायचं, ते पत्रा खातं. जरा थंडी ओसरली की ती गाडी पोटापासून धुवायची, दारांची रबरं कोरडी पुसून त्यांना ग्रीस लावायची. इंजिनावर पांघरायला तिने सासूच्या तंबूतल्या जुन्या, जाड लोकरी नमद्याचा तुकडा कापला. ही बातमी गावात तिच्याआधी पोचली. सासूचा नमदा गाडीला! तिने निरोप पाठवला, की सासूबाई असत्या तर दोन तुकडे कापून दिले असते. ते खरंच होतं, पण सासूबाई नव्हत्या, त्यामुळे गाव बोलत राहिलं.

जेवणाच्या आदल्या दिवशी वादळ ओसरलं आणि ती निघाली. शहराबाहेर पोलिसाने आडवा दांडा टाकला होता. जिरेनच्या नाकासमोर बर्फाचा ढीग साचलेला पाहून तो वाकला आणि काचेतून म्हणाला, "आपा, ही गाडी आहे की झाडू?"

"झाडू समज आणि सोड. तुझाच रस्ता साफ करत जाते."

त्याने दांडा उचलला. पुढे बर्फ काढणारा मोठा ट्रक होता, त्याच्या मागे ती शेपटीसारखी चिकटून राहिली. एका उतारावर वाऱ्याने गाडी आडवी झाली. रबिगाने दोन्ही पाय पेडलांवरून उचलले, नजर जिथे जायचंय तिथे ठेवली, आणि जिरेन आपणहून सरळ झाली. "शाब्बास, माझी बाई," ती मोठ्याने म्हणाली. मग तिला रडू आलं. हे ऐकायला शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

दुपार कलताना ती एसिमखानच्या अंगणात शिरली. बाया हातातली परात घेऊन बाहेर आल्या, पुरुष बाहेर आले. एसिमखान जिरेनभोवती एक फेरी मारून आला. लाल रंगावर मिठाचे पांढरे ओघळ होते, बाकी ओरखडा नव्हता. रबिगाने चाकाखाली वीट सरकवली.

"बांधली नाहीस?" त्याने विचारलं. आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस. अंगणात न बांधता उभं केलेलं जनावर त्याला बघवत नसे.

"हिला बांधत नाहीत, बाय-आगा. हातब्रेक ओढला की गोठते."

"बांधलं नाही ते आपलं नसतं," तो पुटपुटला आणि आत गेला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

गावात कुणी दारांना कुलूप लावत नाही, म्हणून रबिगानेही गाडीला लावलं नाही.

सकाळी ती इंजिन गरम करायला गेली. दार उघडलं आणि तिथेच थबकली. सीट मागे ढकललेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. जानिबेक आणि ती एकाच उंचीची, ती सीट वर्षानुवर्षं कुणी हलवली नव्हती. आणि हातब्रेक वर ओढलेला, दोन्ही हातांनी ओढावा तसा. अंगणात एवढे लांब पाय एकाच माणसाचे होते.

तिने गाडी चालू केली, हळूच पुढे घेऊन पाहिली. मागची चाकं दगड झालेली. तिच्या तोंडात शिवी आली ती तिने गिळली. मग तिने इंजिन बंद केलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि चहाला गेली. तिथे तिने चार तळलेले बाउरसाक खाल्ले, एकाचीही चव न कळता.

शर्यत झाली. एर्केन नावाचा शेजारच्या गावचा स्वार पहिला आला. दाढीत बर्फ, घोडा वाफाळलेला, माणूस गोड. पाहुणे अंगणात जमले. सगळ्यात म्हातारा पाहुणा, ज्याचा शब्द तिथे शेवटचा, त्याने हात पुढे केला. "केलिन, किल्ली दे. आणि तुझ्या नवऱ्याचं नाव राहू दे."

रबिगाने किल्ली दिली. "घ्या, आता. पण बाय-आगांनी गाडी बांधून ठेवलीय. ज्याला सोडवून फाटकाबाहेर नेता येईल त्याची."

लोक हसले. एर्केन चुकीच्या बाजूने बसला, उठला, फिरून उजवीकडून बसला. इंजिन लागलं. हातब्रेक त्याने खाली केला, गिअर टाकला. गाडी गुरगुरली, थरथरली, हलली नाही. त्याने आणखी पाय दाबला. दहाजण ढकलायला लागले. मागची चाकं फिरेचनात, नुसती बर्फावरून फरपटली. कुणी ओरडलं, "गरम पाणी आणा!"

"आणा," रबिगा म्हणाली, "म्हणजे एप्रिलपर्यंत इथेच राहील."

एर्केन पुन्हा पाय दाबून बसला. जळक्या क्लचचा वास अंगणभर सुटला. हा वास रबिगाच्या थेट काळजाला गेला. पैज वगैरे ती विसरली.

"बास! उतर! मारतोस का तिला?"

एर्केन घाबरून उतरला. रबिगाने डिकीतून लाकडी हातोडा काढला आणि चांगल्या कोटानिशी, थोरामोठ्यांच्या पायांपाशी, बर्फावर उताणी पडून गाडीखाली सरकली. पुरुषांनी माना फिरवल्या. बायांनी फिरवल्या नाहीत. टक, टक, टक. एका चाकाला चहूबाजूंनी, मग दुसऱ्याला. जोरात नाही, दारावर ओळखीच्या माणसाने वाजवावं तसं. मग ती उठून आत बसली. सीट खाड्कन पुढे ओढली, आपल्या जागेवर. जरा मागे, जरा पुढे, जरा मागे. कड्कन आवाज झाला, आणि जिरेन लोण्यासारखी सरकली.

बाया ओरडल्या. कुणीतरी मूठभर गोळ्या-चॉकलेटं गाडीवर उधळली, लग्नात उधळतात तशी.

पण फाटकात एसिमखान उभा होता. दोन्ही हात पसरून, घोडा अडवावा तसा.

रबिगाने काच खाली केली. "बाय-आगा, बाजूला व्हा."

"चार गावांना शब्द दिलाय मी."

"शब्द तुमचा, गाडी माझी. बाजूला व्हा."

"माझ्या भावाची आहे!"

"बाय-आगा."

तो हलला नाही. जिरेनचं नाक त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"एसिमखान!"

एका बाईने तोंडावर हात ठेवला. तीस वर्षं जे नाव तिच्या दातांमागे होतं ते बाहेर पडलं होतं, आणि आकाश जिथल्या तिथे होतं.

"एसिमखान, काल तुम्ही हिच्यात येऊन बसलात. सीट तुम्ही मागे ढकललीत, ब्रेक तुम्ही ओढलात. तुम्हाला भाऊ हवा होता. मग तसं सांगायचं. मला नवरा हवाय, मी सांगते, रोज सांगते, या गाडीला सांगते! पण म्हणून मी हिला बांधणार नाही, आणि कुणाला देणारही नाही. बक्षीस द्यायचंय ना? तुमची जीप उभी आहे की!"

म्हातारा पाहुणा आधी खोकला, मग त्या खोकल्याचं हसू झालं. "शब्द देणाऱ्यानेच फेडावा, एसिमखान. जीपची किल्ली आण. तुझ्या भावाच्या नावाला जीप काही कमी नाही."

एसिमखानचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. खिशातून त्याने जीपची किल्ली काढली आणि न बघता एर्केनकडे फेकली. तरी तो फाटकातच उभा राहिला. डोळे लाल झाले होते, आणि ते थंडीने झाले असं कुणालाच वाटलं नाही. त्या एवढ्या मोठ्या माणसाला आता कुठे जावं कळत नव्हतं.

रबिगाने वाकून पलीकडचं दार उघडलं. "बसायचं असेल तर त्या बाजूने. गाडी मी चालवते."

तो आला. गुडघे हनुवटीला लावून, टोपी छताला चेपून डाव्या सीटवर बसला. समोर स्टिअरिंग नव्हतं, तिथे त्याचे हात क्षणभर उगाच तरंगले. जिरेन फाटकाबाहेर पडली. उतार लागला, गाडी शेपटीकडून जराशी घसरली, आणि एसिमखानचा हात आपोआप मधल्या दांड्याकडे गेला.

रबिगाने त्यावर चापट मारली. "ओढायचा नाही."

त्याने हात मांडीवर घेतला. "नाही ओढत, रबिगा," तो म्हणाला.

तिने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.