वॉटर पार्कला जाणाऱ्यांची यादी

बजरंगला बेत आखायची भारी हौस. जत्रा असो, बारसं असो, नाहीतर नुसतं खुरपं आणायला बाजारात जायचं असो, गडी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसणार. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, तो मापाडी होता. दिवसभर हळदीची पोती काट्यावर चढवायची, वजनं ओरडून सांगायची. त्यामुळे घरीसुद्धा सगळं मोजूनमापून झाल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. दादा एक दिवस जेवायच्या आधी घासांची यादी करंल, असं धाकटा भाऊ शिवहार चारचौघांत सांगायचा आणि बजरंगला त्याचा रागही यायचा नाही.

दोन हजार तीन सालचा उन्हाळा. नागपूरकडच्या कुण्या व्यापाऱ्यानं मोंढ्यात एक रंगीत कागद टाकला होता. नागपूरच्या अलीकडं कुठंसं वॉटर पार्क निघालं होतं, त्याची जाहिरात. निळ्याशार घसरगुंड्या, त्यावरून दात काढत खाली येणारी माणसं, कंबरभर पाण्यात उभी असलेली लेकरं. बजरंगनं तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. घरी आणेपर्यंत त्याच्या कडा हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या. त्यानं तो लेकरांपुढं उलगडला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

घर कनेरगाव नाक्यापासून आत, दोन मैलांवर. साठेक मेंढरं, सात-आठ शेळ्या, थोडीशी कोरडवाहू जमीन. घरात आई चांगुणाबाई, बजरंगची बायको राधिका, आठ वर्षांची शिवकन्या आणि चार वर्षांचा खंडू. शिवहार, त्याची बायको आणि त्यांची दोन पोरं मागच्या खोलीत राहायची. शिवहार नाका ते वाशीम सवारीची जीप चालवायचा, म्हणजे गाडीचाही प्रश्न मिटला होता.

कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की चार फुटांहून कमी उंचीच्या मुलांना मोठ्या घसरगुंडीवर सोडणार नाहीत. बजरंगनं लगेच टेप आणला. शिवकन्या दोन बोटं कमी भरली. तिनं टेप खोटा आहे असं ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबाच्या फांदीला लोंबकळायला सुरुवात केली. खंडूची काळजी वेगळीच. पाण्यात मगर असते का, हे त्याला पक्कं कळायला हवं होतं. प्लास्टिकची असते, असं बजरंगनं सांगितलं, तर प्लास्टिकची चावते का, म्हणून तो दोन दिवस मागं लागला. चांगुणाबाईनं आधीच बजावलं, की मी पाण्यात पाय घालणार नाही, काठावर बसेन, आणि तिथं सावली नसेल तर मला आत्ताच सांगा.

बेत असा ठरला: शनिवारी सकाळी निघायचं, रात्री नागपूरला मावसबहिणीकडं मुक्काम, रविवारी दिवसभर पार्क, सोमवारी परत. एका संध्याकाळी सगळे अंगणात असताना बजरंगनं यादी वाचून दाखवली. आई, तो स्वतः, शिवहार, शिवहारची बायको आणि चार लेकरं. आठ जण. जीपमध्ये ऐसपैस मावतील, कुणाला मांडीवर घ्यायचीसुद्धा गरज नाही, असं तो मोठ्या समाधानानं म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. कुणालाच काही कमी वाटलं नाही. राधिका चुलीपुढं भाकरी थापत होती, तिनंही ऐकलं आणि पाण्याची घागर बरोबर घ्या, एवढं सुचवलं.

मग आठवडाभर तीच राबली. दशम्यांचं पीठ दळून आणलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, पोरांच्या चड्ड्यांना नवं इलास्टिक घातलं. चांगुणाबाईसाठी छत्री शोधून काढली आणि तिची मोडलेली काडी तारेनं बांधली. बजरंग मोंढ्यातून आला, की तिच्याकडून तयारीचा हिशेब घ्यायचा आणि यादीत खुणा करायचा.

निघायला दोन दिवस उरले होते. राधिका पिशवी भरत होती आणि भरता भरता बजरंगला एकेक गोष्ट समजावून देत होती. खंडूच्या कानात पाणी गेलं तर तो घाबरतो, त्याला छातीशी धरा. शिवकन्या भीती वाटत नाही म्हणेल, पण बोलायची बंद झाली की समजा, तिला भीती वाटतेय.

"मला काहून सांगून राहिली?" बजरंग म्हणाला. "तू हाईसच की तिथं."

राधिकानं मान वर केली. तिला वाटलं, हा चेष्टा करतोय.

"मी? अन् मेंढरं?"

बजरंगनं खिशातून यादी काढली. वाचली, पुन्हा वाचली. आयुष्यभर वजनात छटाकभर इकडचं तिकडं न होऊ देणारा माणूस, आणि त्यानं घरातलं अख्खं माणूस मोजलं नव्हतं. विसरला म्हणावं, तर तसंही नव्हतं. विसरायला आधी ती ध्यानात यायला हवी होती. मेंढरं असलेल्या घरात कोणीतरी मागं राहतं, आणि या घरात ती राहायची. औंढ्याच्या जत्रेला ती राहिली. शिवहारच्या वरातीला राहिली, तेव्हा मेंढ्या व्यायला आल्या होत्या. बजरंगच्या बहिणीच्या पोराचं बारसं झालं, तेव्हाही राहिली. लग्नाला दहा वर्षं झाली, पण घरातल्या सगळ्यांच्या एकत्र फोटोत राधिका कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं धावपळ केली. जवळच्या तांड्यावरच्या बाबूसिंगला विचारलं. तो एक दिवस पाहीन म्हणाला, तीन दिवस नाही. आणि त्याचंही बरोबर होतं. अकरा मेंढ्या व्यायच्या बेतात होत्या, शिवाय शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला. शिवहारनं सरळ विचारलं, की वैनी कधी येते म्हणाली का? नव्हती म्हणाली. चांगुणाबाईला या धावपळीचा रागच आला.

"कोनीतरी ऱ्हावंच लागतं," ती म्हणाली. "तिच्या आधी मी ऱ्हायले. तुह्या बापानं मला कधी इचारलं न्हाई."

संध्याकाळी बजरंग मेंढरांच्या वाड्यात गेला. राधिका एका कोकराला शेळीचं दूध पाजत होती. तो कुडाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, की तू जा, मी राहतो. मोंढ्यातून रजा घेतलेलीच आहे.

राधिका खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती वैतागली.

"कागद तुमी आनला. पोरायला तुमच्यासंगं जायचं हाय. आता येवढं सगळं जमल्यावर कशाला तकलीफ?"

"तुला जावं वाटतं का न्हाई, तेवढं सांग."

तो प्रश्न तिला कुणी कधी घातला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. दूध संपलं, तिनं कोकरू खाली सोडलं, पदराला हात पुसले.

"मला त्या पान्याचं काई न्हाई," ती म्हणाली. "घसरगुंडीचं बी न्हाई. मला गाडीत बसायचं हाय. सगळे निघतात ना, तवा मी आत पायजे. लगीन झाल्यापासून मी भायेरच हाय."

रात्री बजरंगनं यादीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. आठ ते आठच राहिले.

शनिवारी सकाळी जीप अंगणात उभी राहिली. दशम्या चढल्या, घागर चढली, पिशव्या चढल्या. राधिकानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि तिला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. चांगुणाबाई खिडकीशी जाऊन बसली होती. सून चढताना तिनं एकदा तिच्याकडं पाहिलं, आत सरकली आणि खिडकीची जागा सोडली. राधिका तिथं बसली.

बाबा येणार नाहीत हे लेकरांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण गाडी सुरू झाली तेव्हा कुठं शिवकन्येला ते खरं वाटलं. तिनं भोकाड पसरलं. बाबा न्हाई तर मी बी न्हाई, म्हणून ती खाली उतरायला लागली. तिचं बघून खंडूही रडायला लागला. बाबाला घ्या, बाबाला घ्या, असा एकच घोष त्या दोघांनी धरला.

खोटं कशाला सांगावं, बजरंगला क्षणभर बरंच वाटलं. आपल्यासाठी लेकरं रडतात, हे कुठल्या बापाला आवडत नाही? मग त्याची नजर राधिकाकडं गेली. ती खंडूचं नाक पुसत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. दरवेळी याच अंगणातून ते निघाले होते. हीच पोरं होती. दरवेळी त्यांची आई मागं राहिली होती, आणि त्यांतलं एकही एकदाही रडलं नव्हतं. आई घरी राहते, हे त्यांनी सूर्य उगवतो तसं धरलं होतं. हे त्यांना शिकवलं कोणी? त्यानंच. एक अक्षरही न बोलता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खिडकीशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "शिवकन्या, आजलोक तुही माय मागं ऱ्हायची. तवा रडली का तू?"

शिवकन्या गप्प झाली. तिनं आईकडं पाहिलं. ती विचार करत होती, आणि आठ वर्षांच्या लेकराला जेवढं कळायचं तेवढं तिला कळलं असावं. ती पुन्हा रडली नाही. आईला चिकटून बसली.

शिवहारनं जीप काढली. पोरं हात हलवत राहिली, बजरंगही हलवत राहिला. राधिकानं मात्र मागं वळून पाहिलं नाही. तिची मान ताठ होती आणि ती पुढचा रस्ता बघत होती. बघू दे, असं बजरंगला अगदी मनापासून वाटलं.

जीप बाभळींच्या पलीकडं गेली. धूळ बसली. आवाजही विरला, तरी तो तिथंच उभा होता. मागं राहिलेलं माणूस इतका वेळ उभं राहतं, हे त्याला आजच कळत होतं. राधिका दरवेळी किती वेळ उभी राहिली असेल, याचा तो अंदाज बांधू लागला, पण त्याला काही सांगता येईना. दहा वर्षांत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.