छताच्या कडीला दोर

कळा आल्या की बाई दोर धरून उकिडवी बसायची, सासू मागून कंबर धरायची. हे मला अंबूबाई दाईनं शिकवलं. जानेफळच्या पुढं आमचं आरोग्य उपकेंद्र, मी तिथली नर्स. तिथं बाळंतपणाच्या खोलीत छताच्या कडीला बारा वर्षं माझा दोर होता.

तपासणीला आलेल्या साहेबांनी तो पाहिला. "गोठा आहे का हा?" दोर उतरवला. मला नोटीस : अशास्त्रीय पद्धत, सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर बदली.

शुक्रवारी नेदरलँड्सची सुईण आली, मारिके. दोन देशांच्या सुईणींनी एकमेकींकडून शिकायचं, अशी योजना. एकमेकींकडून म्हणजे आम्ही तिच्याकडून, असं साहेबांनी ठरवलेलं. भाषांतराला पुण्याची मनाली.

मारिकेनं पडद्यावर पहिलंच चित्र दाखवलं : दोर धरून उकिडवी बसलेली बाई. मग पिशवीतून निळा दोर काढला.

"आधुनिक पद्धत," साहेब म्हणाले.

तेवढ्यात गीताबाई सुनेला, काजलला, घेऊन आली. पोरगी कळांनी वाकली होती. गीताबाईनं वर पाहिलं.

"काऊन वं सिस्टर, आपला दोर कुठी गेला?"

"साह्यबानं उतरवला."

"त्याइले धरा लागत होता काय?"

मनालीनं याचं भाषांतर केलं नाही.

मारिकेनं निळा दोर कडीला बांधला. काजल लटकली, गाठ सरकली. मी ती सोडून बैल बांधायची गाठ मारली. अर्ध्या तासात मुलगी झाली, रडलीसुद्धा जोरात. मारिकेनं वही काढून गाठीचं चित्र काढलं आणि मनालीकरवी विचारलं, कुणी शिकवलं? मी सांगितलं, तिनं खाली नाव लिहिलं : अंबूबाई.

साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, खुलाशात लिहा, ही पद्धत शुक्रवारी मारिके मॅडमकडून शिकले. नोटीस रद्द करतो."

"अन् आधीची बारा वर्षं?"

"ती कशाला लिहिता?"

सोमवारी मी लिहिलं : दोर अंबूबाईकडून शिकले. गाठ मारिकेबाईंना मी शिकवली. सोबत त्यांच्या वहीच्या पानाची झेरॉक्स.

बदली झाली. जुन्या केंद्रात निळा दोर अजून आहे, शेजारी पाटी : नेदरलँड्सच्या सहकार्याने.

लोणारकडच्या नव्या केंद्रात हजेरीवर सही केली आणि बाळंतपणाच्या खोलीत जाऊन वर पाहिलं. कडी नव्हती. गवंड्याला बोलावलं.

"पंखा लावाचा काय, सिस्टर?"

"नाही. बाई पेलली पाह्यजे, अशी ठोक."