वाणातली कादंबरी

"रविवारी रद्दीवाल्याला बोलावलंय," चहाचा कप खाली ठेवता ठेवता नंदकुमार म्हणाले. "दिवाणातले गठ्ठे देऊन टाकू."

दिवाणातले गठ्ठे म्हणजे ह्यांची कादंबरी. 'तांबड्या धुळीची चौकी'. तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टा सांभाळून, सुट्ट्यांचा चुराडा करून माझ्या नवऱ्याने ती लिहिली आणि पदरमोड करून छापली. गोष्ट एका दूरच्या ग्रहावरची. तिथे दोन सैन्यं पिढ्यान् पिढ्या लढतायत. मधे लाल धुळीचं कायमचं वादळ, त्यामुळे शत्रू दिसतो कसा हे कुणालाच ठाऊक नाही. रोज संध्याकाळी पलीकडून शिट्टी ऐकू येते. ती वाजली की पलीकडच्या तोफा थोडा वेळ गप्प होतात. आपल्या सेनापतींना वाटतं, हा हल्ल्याचा इशारा, म्हणून ते नेमका तेव्हाच जोरात मारा करतात. त्या शिट्टीचा अर्थ लावायला केयूर नावाचा एक कोवळा पोरगा नेमलेला असतो. शेवटच्या पानावर तो मरतो, अर्थ न लागताच.

प्रस्तावनेत ह्यांनी सगळं फोड करून सांगितलं होतं. धूळ म्हणजे अज्ञान, चौकीतलं बंद पडलेलं घड्याळ म्हणजे इतिहास आणि शिट्टी म्हणजे मृत्यूची हाक. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अहो, विनोद समजावून सांगितला की मरतो. प्रतीकाचं काय वेगळं होणार?" पण घरच्या बाईचं ऐकतं कोण! मी मुद्रितं तपासली तीही ऱ्हस्व-दीर्घापुरती.

पुस्तक बाहेर आलं ते गेल्या मे महिन्यात. त्याच आठवड्यात वाळवंटात अणुस्फोट झाले आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीत घरोघरी पेढे वाटले गेले. युद्धाविरुद्धची कादंबरी घ्यायला कोण धजावणार? दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. एकच परीक्षण आलं, तेही चार ओळींचं: 'प्रतीकांचा सुळसुळाट आणि माणसांचा दुष्काळ.' त्या दिवसापासून ह्यांनी पेन हातात धरलं नाही. शिफ्टवरून यायचे आणि बाल्कनीत बसून राहायचे. माणूस चिडला, ओरडला तर परवडतं. गप्प बसलेला नवरा मला सहन होत नाही.

आता रद्दी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. संक्रांत होऊन गेली होती आणि शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाणाला प्लॅस्टिकच्या गाळण्या आणायच्या ठरल्या होत्या. मी गाळण्या रद्द केल्या.

शनिवारी ह्यांची दुपारची शिफ्ट होती. मी दिवाण उघडला आणि येईल त्या बाईला हळदकुंकू, तिळगूळ आणि कादंबरी दिली. बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते. "अगंबाई, पुस्तक!" असं म्हणून तळमजल्यावरच्या चारुलताने ते उलटंसुलटं केलं. "टीव्हीखाली घालीन, डुगडुगतोय तो." मी म्हटलं, "घाल, पण आधी वाच." काही जणींनी जावेला, नणंदेला म्हणून जास्तीच्याही प्रती नेल्या. सगळ्यात शेवटी धोंडूबाई आली. ती करावे गावची, आमच्या गेटवर रोज मासळी घेऊन बसते. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी. "माना वाचता नाय येत गो बाय," ती म्हणाली. "नातीकडनं वाचून घेन." तिच्या ओटीत शेवटची प्रत घातली आणि दिवाण रिकामा झाला.

नंदकुमार घरी आले, त्यांनी दिवाण उघडला आणि तसेच उभे राहिले.

"गठ्ठे कुठे गेले?"

"वाण म्हणून लुटले."

"माझं पुस्तक? गाळण्यांच्या ऐवजी?" त्यांचा आवाज चिरकला. "आता सगळी सोसायटी हसेल, सुचित्रा!"

"हसू दे. हसायला तरी वाचावं लागेल."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही वाटायला लागलं, हौसेपायी आपण ह्यांच्या जखमेवर मीठ तर नाही ना चोळलं.

मग दहा-पंधरा दिवसांनी एका सकाळी आम्ही दोघं बाजारात निघालो तर धोंडूबाईने गेटवर हाक मारली. बोंबील साफ करता करता तिने सरळ विचारलं, "साहेब, ती शिट्टी कुकरची ना?"

"कुठली शिट्टी?"

"तुमच्या पुस्तकातली. रुतिका रोज सांजचे वाचते, आमी चार बाया ऐकतो. कुकरच हाय ना तो?"

 नंदकुमार समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाही हो. ते प्रतीक आहे. मृत्यूची हाक."

"मरनाला शिट्टी कशाला लागते? ते न सांगता येते." तिने कोयता खाली ठेवला. "तुमीच लिवलंय ना, रोज दिवेलागनीला वाजते, मंग त्यांच्या तोफा गप होतात? जेवाला बसत असतील ती मानसं! आनि आपली मानसं तवाच गोले टाकतात. जेवत्या मानसाच्या ताटावर! शोभतंय का?"

नंदकुमार तसेच पुढे चालायला लागले. बाजारात मी काय घेतलं, काय नाही, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ते बाल्कनीत उभे होते. पलीकडच्या विंगमध्ये कुकर वाजला, मग वरच्या मजल्यावर, मग आमच्या स्वयंपाकघरात. ते आत आले.

"आपल्याकडे भाताला किती शिट्ट्या करतेस?"

"तीन. लग्नापासून जेवताय, आज विचारताय?"

ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. कित्येक महिन्यांनी हसले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "कारखान्याचा भोंगा डोक्यात धरून लिहिली गं मी ती शिट्टी. पलीकडे माणसंच ठेवली नाहीत. परीक्षण लिहिणारा खरंच बोलला होता." मग एकदम उठले. "शेवट बदलायला हवा. केयूरला हे कळायला हवं. माझी प्रत कुठे आहे? समासात खुणा केलेली?"

 रागाच्या भरात ह्यांनी आपली प्रतही त्याच गठ्ठ्यात टाकली होती, सगळ्यात खाली. म्हणजे ती धोंडूबाईकडे गेली होती.

मी ते सांगितलं आणि आम्ही दोघांनी लगेच करावे गाठलं. ओटीवर दिव्याखाली बायका बसल्या होत्या आणि मधे दोन वेण्या घातलेली रुतिका पुस्तक उघडून बसली होती. नंदकुमारनी संकोचत पुस्तक मागितलं. "वाटल्यास दुसरी प्रत आणून देतो," असंही म्हणाले.

धोंडूबाईने पुस्तक नातीच्या हातातून घेतलं आणि पदराखाली धरलं. "वान परत मागतात का कदी, साहेब? सवाष्नीच्या ओटीतलं हाय."

"मला फक्त शेवट बदलायचाय हो."

"मंग यात काय बदलताव? शेवट आमी वाचलाच नाय. रुतिकाने पुढची पानं बघितली आनि बोलली, आजी, पुढं वाईट हाय. तवाधरनं तितंच थांबलोय. मागचंच परत परत वाचतो." तिने पुस्तकावरून हात फिरवला. "तुमी घरी जाऊन नवीन लिवा. आमी हाव थांबून. आमच्याकडं तो पोर अजून जिता हाय."

मला तिथेच रडू आलं. नंदकुमारनी तिला हात जोडले. मासळीवालीला हात जोडताना मी ह्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

परतताना त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला. घरी आल्या आल्या ते जेवणाच्या टेबलावरच लिहायला बसले. मी ताटं हातात घेऊन उभी राहिले, मग तशीच परत ठेवून दिली. जेवत्या माणसाला उठवू नये म्हणतात, लिहित्यालाही उठवू नये. भात गार झाला आणि आम्ही तो गारच खाल्ला.