सेटमधली पावलं

सासऱ्यांची हयात चष्म्यांची भिंगं घासण्यात गेली आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांची स्वतःचीच नजर गेली. "लोकांना दिसावं म्हणून घासत बसलो, माझीच घासून संपली," असं ते हसत सांगायचे. खिडकी कुठं आहे एवढं त्यांना उजेडावरून कळे. बाकी सगळी भिस्त कानांवर. म्हणून मुलानं जहाजावर परत जाण्याआधी त्यांना तबकड्यांवरची गाणी ऐकायला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर असा सेट घेतला. जुनाच होता, पण कंपनीनं स्वतः दुरुस्त करून वर्षाच्या हमीसकट विकलेला. जड लोखंडी पेटी आणि तिच्यावर काचेचे सहा व्हॉल्व्ह. बटण दाबलं की थोड्या वेळानं ते निखाऱ्यासारखे फुलायचे आणि मग कुठं आवाज यायचा.

मुलगा गेल्यावर घरात दोघंच उरली, सासरे आणि सून. सून इस्पितळात लोकांचे कान तपासायची. बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचे, बारीक होत जाणारा आवाज सोडायचा आणि शेवटचा कुठला ऐकू आला ते टिपून ठेवायचं. ऐकण्याच्या बाबतीत तिला शेंडी लावणं कठीण होतं.

सेट घरी येऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळची वेळ. तबकडी संपली होती, सेट मात्र चालूच होता. ती स्वयंपाकघरातून बाबांशी मोठ्यानं काहीबाही बोलत होती. मध्येच बाबा म्हणाले, "सूनबाई, वर कुणी राहायला आलंय का?"

"आपल्या वर गच्ची आहे बाबा."

"मग गच्चीत कोण चालतंय?"

ती हात पुसत बाहेर आली. आवाज वरून येत नव्हता. उजव्या स्पीकरमधून येत होता. सपाट चपला फरशीवर आपटत कुणीतरी लांबून येत होतं. सात पावलं झाली, मग थांबली. थोड्या वेळानं तीच सात पावलं परत गेली.

तिनं सेट बंद केला. म्हणाली, "कुठलं तरी स्टेशन लागत असेल. उद्या सुट्टीच आहे, कंपनीला फोन करते."

कंपनीच्या मदत केंद्रात आधी बराच वेळ एकच सूर वाजत राहिला. मग एक मुलगी आली. गोड बोलणारी, पण समोरच्या कागदावरून नजर न हलवणारी.

"आवाज कशा प्रकारचा आहे मॅडम? घरघर, शिट्टी की खरखर?"

"पावलांचा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "आमच्या यादीत 'खरखर' आहे मॅडम. तेच लिहू का?"

"लिहा," सून वैतागून म्हणाली. "पण खरखर चपला घालत नाही."

मुलीनं फोन आतल्या एका जुन्या कारागिराला जोडून दिला. त्याचा आवाज साठीतला होता. त्यानं सेटचा नंबर विचारला, सेट चालू करायला लावला आणि सांगितलं, "ताई, कधीकधी व्हॉल्व्हच कान होऊन बसतो. आतली तार सैल झाली की खोलीतला जरासा हादरासुद्धा तो पकडतो आणि स्पीकरमधून सोडतो. पेन्सिलनं हलकेच टिचकी मारून बघा."

तिनं एकेका काचेवर टिचकी मारली. तिसऱ्या व्हॉल्व्हला स्पीकरमधून टणकन आवाज आला, घंटेसारखा.

"बघा! तुमच्याच घरात कुणीतरी चालत असणार."

"घरात दोघंच आहोत, आणि दोघंही बसलोय काका."

"मग फोन स्पीकरजवळ धरा."

तिनं धरला. पावलं आली. आज अकरा होती. अकराव्याला थांबली आणि मागं फिरली.  मग कारागीर खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुम्हाला सहाच्या सहा नवे व्हॉल्व्ह पाठवतो. हमीत बसतं."

व्हॉल्व्ह चौथ्या दिवशी आले, कापसात गुंडाळलेले. तिनं फोनवर विचारत विचारत ते बसवले. टिचक्या मारून पाहिल्या. एकही वाजला नाही. पावलं मात्र आली. आधी ती भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटायची, आता मधलं दार उघडल्यासारखी स्वच्छ. आणि एकोणीस.

सेट परत पाठवायचा, असं सुनेनं ठरवलं. बाबांनी मात्र साफ नाही म्हटलं.

"कुणाला काय त्रास होतोय त्याचा?"

"मला होतोय. मला भीती वाटते बाबा. ते जे कुणी आहे, ते रोज जवळ येतंय."

बाबा खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत बसले. त्यांच्या मनात काय होतं ते तिला कळत होतं. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याही घरभर अशाच चपला आपटत फिरायच्या. पण सपाट चपला हजारो बायका घालतात, असं तिनं स्वतःला बजावलं. पुरुषही घालतात.

त्या आठवड्यात तिनं कामावर करायची तशी नोंद ठेवली. पावलं कधी येतात आणि कधी येत नाहीत, सगळं लिहिलं. तीन दिवसांनी कागद पाहिला तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ती दोघं गप्प बसली असली की सेट तासन्‌तास नुसता गुणगुणत राहायचा. दोघं बोलायला लागली की मिनिटाभरात पावलं यायची. बोलणं थांबलं की पावलंही जागच्या जागी थांबायची, कान देऊन उभं राहिल्यासारखी. मग परत जायची.

तिनं हे बाबांना सांगायला नको होतं, असं तिला पुढं अनेकदा वाटलं. पण तिनं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा ते खुर्ची स्पीकरला अगदी चिकटवून बसले होते. व्हॉल्व्ह लालभडक फुलले होते. बाबा स्पीकरच्या जाळीजवळ तोंड नेऊन म्हणत होते, "ऐकलंस का? अगं, ऐकलंस का?"

आयुष्यभर त्यांनी बायकोला अशीच हाक मारली होती. नाव कधी घेतलं नव्हतं.

"बाबा, पुरे!" ती ओरडली.

तेवढ्यात पावलं आली. या वेळी सावकाश नाही, भराभर, जवळजवळ धावत. तिला मोजतासुद्धा येईनात. चपलांचा आवाज मोठा होत होत थेट जाळीच्या पलीकडं येऊन थांबला. कुणीतरी धापा टाकत होतं. बाबांनी हात पुढं केला आणि जाळीवर ठेवला. पलीकडून कपड्याची सळसळ झाली. मग खट्कन एक आवाज आला, बटणाचा.

सेटमधली गुणगुण थांबली. व्हॉल्व्ह तसेच पेटलेले होते, वीज चालू होती. ॲम्प्लिफायरला कुणी हातही लावला नव्हता. पण त्यातून आता काहीच येत नव्हतं.

बाबा अंधार होईपर्यंत जाळीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेला कारागिराचा फोन आला. ती इस्पितळात होती. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तिनं तो घेतला.

"ताई, आज सकाळी तुम्ही आमच्याकडं फोन केला होता का?"

"नाही. आज करणारच होते. सेट बंद पडलाय."

"घरातल्या दुसऱ्या कुणी?"

"बाबांना नंबर फिरवता येत नाही काका. का हो?"

कारागीर अडखळला. "तुमच्याच सेटच्या नंबरावर तक्रार आलीय. एक बाई होत्या. वयस्कर. त्या म्हणाल्या, सेटमधून माणसं बोलतात. एक तरुण बाई आणि एक म्हातारे गृहस्थ. त्या गृहस्थांचा आवाज ओळखीचा वाटतो म्हणून रोज जवळ जाऊन ऐकायच्या. काल ते 'ऐकलंस का, ऐकलंस का' करायला लागले, तेव्हा घाबरून सेट बंद केला म्हणाल्या."

सून भिंतीला टेकली. समोरच्या काचेआड पुढचा रुग्ण हेडफोन घालून वाट पाहत होता.

"पत्ता विचारलात?"

"विचारला. तुमचाच सांगितला, मजल्यासकट. आणि एक म्हणाल्या, त्यांचे यजमान आता नाहीत, घरात त्या एकट्याच असतात."

"काय बोलताय काका!"

"बाई जे बोलल्या तेच सांगतोय. तीस वर्षं झाली या कामाला; घरघर, शिट्टी, खरखर सगळं ऐकलं. हे नाही ऐकलं. आणि आमचा नियम असा, की तक्रारीला उत्तर द्यायचंच. त्या उद्या परत फोन करणार आहेत. मी काय सांगू त्यांना?"

सून उत्तर न देता घरी आली. वाटेत तिनं दहा वेळा ठरवलं, सांगायचं नाही. पण बाबांनी तिच्या चपला काढण्यावरूनच ओळखलं. "काय झालं ते सांग," म्हणाले. मग तिनं जे घडलं ते सगळं, पत्ता आणि यजमानांसकट, सांगून टाकलं.

बाबांचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला. 

"म्हणजे इकडं ती गेली, आणि तिकडं मी गेलोय," ते म्हणाले.

"बाबा..."

"आणि इकडून ओरडून ओरडून मी तिला घाबरवलं." त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, ती एकटी राहायला घाबरायची. मी दोन दिवस गावाला गेलो तरी शेजारणीला झोपायला बोलवायची." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "त्या कारागिराला विचार ना, ती बोलताना खोकत होती का?"

सासूबाईंची शेवटची दोन वर्षं खोकल्यात गेली होती. अखेरीला एक वाक्य सलग बोलता येत नसे.

सुनेनं तिथंच फोन लावला. कारागिरानं आठवून सांगितलं, "नाही हो, अजिबात नाही. खणखणीत आवाज होता. आमच्या फोनवरच्या मुलीला चांगलं झापलं त्यांनी."

बाबा हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत राहिले. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि कारागिराला म्हणाले, "त्यांना म्हणावं, बिघाड होता, दुरुस्त झालाय. आता आवाज येणार नाही. गाणी लावून बघा म्हणावं, खुशाल."

फोन ठेवून ते उठले. खुर्ची उचलायला त्यांनी सुनेला खूण केली. दोघांनी मिळून ती आतल्या खोलीत नेली. जमिनीवर घासून तिला चाहूल लागू नये म्हणून उचलून, पावलं न वाजवता.