पाणी मुरेपर्यंत

सासरे लेक-जावयाकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत घरात फिशटँक आला. ही कल्पना लेकीची. आई गेल्यापासून तिचे बाबा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत, आणि भिंतीकडे बघण्यापेक्षा माशांकडे बघितलेलं काय वाईट, असा तिचा सरळ विचार होता. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायचे हे तिचं काम, त्यामुळे एखादा माणूस हलेनासा झाला की तिला चैन पडत नसे.

तिचा नवरा विमा कंपनीसाठी आगींचा तपास करायचा. कुठे गोदाम जळालं, कुठे दुकान जळालं, की हा जाऊन राख उकरायचा आणि आग नेमकी कुठून लागली ते शोधून काढायचा. इमारतीत सगळे त्याला तपासनीस म्हणत. घरात बायकोही म्हणे, पण फक्त भांडण झाल्यावर.

टाकी, पंप, खडी, प्लास्टिकची झाडं आणि सहा नारंगी मासे असा सगळा जामानिमा तो एका शनिवारी घेऊन आला. दुकानदार बोलघेवडा होता. पाणी कसं तयार करायचं, मासे कधी सोडायचे, यावर त्यानं मोठं प्रवचन दिलं आणि तपासनीसानं ते ऐकल्यासारखं केलं. घरी येऊन टाकी नळाखाली भरली, पंप लावला, मासे सोडले. शेपटीला काळी किनार असलेले मासे गोल गोल फिरू लागले.

सासरे उठले. आपली खुर्ची त्यांनी भिंतीकडून टाकीकडे वळवली आणि परत बसले.

"छान आहेत," ते म्हणाले.

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. इतक्या दिवसांत बाबांनी कुणी न सांगता केलेली ही पहिली गोष्ट होती.

सोमवारी सकाळी एक मासा पोट वर करून तरंगत होता.

तपासनीस घरात सगळ्यांच्या आधी उठे. तो टाकीसमोर उभा राहिला. ज्याची बायको नुकतीच गेली आहे अशा माणसाला उठल्या उठल्या मेलेला मासा दाखवू नये, एवढी अक्कल त्याला होती. त्यानं चहाच्या गाळणीनं मासा काढला, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, गाळणी घासून जागेवर ठेवली आणि त्या दिवशी घरी चहा घेतला नाही. संध्याकाळी कामावरून येताना दुकानात जाऊन तसाच एक मासा आणला. सासरे आंघोळीला गेलेले बघून टाकीत सोडला, आणि सहज म्हणून मोजले.

आठ होते.

त्यानं परत मोजले. मासे एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे मोजणी सोपी नसते, पण आठाचे सहा काही होईनात.

"अगं, आपल्याकडे मासे किती आहेत?" त्यानं स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"सहा," बायको मागे न बघता म्हणाली. "का रे?"

"आठ दिसतायत."

"मग पिल्लं झाली असतील."

"एका दिवसात? आणि एवढी मोठी?"

"माशांचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली आणि तिनं नळ मोठा सोडला.

त्यानं मग सासऱ्यांना विचारलं. सासरे केस पुसत होते. "मोजायला ती काय गिऱ्हाइकं आहेत?" ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी शिंपीकाम केलं होतं. मापं घेऊन घेऊन आता त्यांना मोजण्याचा कंटाळा आला असेल, असं जावयानं मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला.

पण मासे मरायचे थांबेनात. एखाद्या सकाळी एक, एखाद्या सकाळी दोन. तपासनीस ते काढी, आणि संध्याकाळी तेवढेच आणून भरपाई करी. तरी एकूण आकडा चढतच गेला. जळालेल्या गोदामात माल वाढलेला त्यानं आजवर कधी पाहिला नव्हता. एकदा तर तो गाळणी घ्यायला गेला, तर ती आधीच ओली होती.

त्यानं रीतसर तपास सुरू केला. टाकीवर ऊन येतं का, ते पाहिलं. डासांचा फवारा बंद केला. खोलीत ठेवलेली सुगंधी वडी उचलून गॅलरीत नेली. पाण्याची बाटली भरून ऑफिसच्या प्रयोगशाळेत दिली. तिथून उत्तर आलं की या पाण्यात ज्वलनशील पदार्थ आढळला नाही. मग त्यानं जबान्या घेतल्या.

"बाबा, तुम्ही त्यांना खायला किती घालता?"

"चिमूटभर."

"आणि तू?"

"चिमूटभर," बायको म्हणाली. "आणि तू रे?"

"मीही चिमूटभरच," तो म्हणाला. तीन चिमटींची बेरीज करावी असं कुणालाच सुचलं नाही.

पाणी हळूहळू पांढुरकं झालं, कुणी दूध सांडल्यासारखं. सासरे खुर्ची आणखी पुढे ओढून टाकीत डोळे घालून बसत. "हा इकडचा जरा जाड झालाय," असं मधूनच म्हणत. नवराबायको घाईघाईनं हो म्हणत.

रविवारी सकाळी तीन मासे एकदम गेले. तपासनीस म्हणाला, गाडीत हवा भरून येतो. बायको म्हणाली, तिला मैत्रिणीकडे पुस्तक द्यायचं आहे. सासरे म्हणाले, पाय मोकळे करतो. बायकोला इतका आनंद झाला की ते कुठे जातात हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

माशांच्या दुकानात तपासनीस पोचला तेव्हा सासरे गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले होते. हातात पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत दोन नारंगी मासे.

"या, जावईबापू," ते म्हणाले. दुसरं काय म्हणावं हे बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

"बाबा, तुम्ही इथे?"

"हे नेहमी येतात," दुकानदार म्हणाला. "सकाळचे. तुम्ही संध्याकाळचे. आणि दुपारी एक ताई येतात. त्यांनाही शेपटीला काळी किनारच लागते." एवढं बोलून तो थांबला आणि दोघांच्या तोंडाकडे बघू लागला. "तुम्ही सगळे एकाच घरचे की काय?"

कुणी उत्तर द्यायच्या आत दार ढकलून बायको आत आली. पुस्तक तिच्याजवळ नव्हतंच.

"अरे देवा," दुकानदार म्हणाला. "मला वाटलं तीन वेगवेगळी घरं आहेत. तीन घरांत एकसारखे मासे मरतायत म्हणून मीच धास्तावलो होतो. सगळा मालच खराब आला की काय म्हणून नवीन मागवलासुद्धा."

सासऱ्यांनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली.

"तुम्ही कशाला आणत होतात, बाबा?" बायकोनं विचारलं.

"पहिल्या दिवशी पाचच दिसले. म्हटलं, तू हौसेनं आणलेत, आणि लगेच एक मेला. तुला वाईट वाटेल."

"मला? मी तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आणत होते."

"मीही," तपासनीस म्हणाला.

"पण चिमे, मला कळत होतं," सासरे म्हणाले. "एवढी वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या मी. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की त्याला न सांगता विजारीत दोन बोटं ढील द्यायचो. तो खूश, मी खूश. झाकायचं कसं हे मला कुणी शिकवायला नको. आपले पहिले मासे सडपातळ होते. हे नवे सगळे जाडे."

बायको हसली. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तुझी आई इथल्या दवाखान्यात होती तेव्हा तू रोज फोन करायचीस. आज बरी आहे म्हणायचीस. आज थोडं खाल्लं म्हणायचीस. मी येतो म्हटलं की म्हणायचीस, बाबा, दगदग करू नका, परवा तिला घरीच आणतोय."

"बाबा, तुमचं ब्लडप्रेशर..."

"माझं ब्लडप्रेशर ठणठणीत आहे. ती गेली."

दुकानदारानं पाठ फिरवली आणि एका टाकीची काच पुसायला घेतली. ती काच स्वच्छच होती. तपासनीसाला कुठे बघावं कळेना. आग कुठून लागली हे सांगायचे त्याला पैसे मिळत. पण ती त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरात लागली होती. ते फोन बायको करायची तेव्हा तो शेजारीच उभा असायचा आणि मान डोलवायचा.

बायको खडीच्या पोत्यावर बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू."

"ती काही म्हणाली का माझ्याबद्दल?"

"म्हणाली की." तिनं डोळे पुसले. "म्हणाली, यांच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय. स्वतः शिंपी असून महिनाभर लावत नाहीत. त्यांना म्हणावं, लावून घ्या, तसेच भोक मिरवत फिरू नका."

सासऱ्यांनी मान वर केली. "ते लावलं होतं मी. ती दवाखान्यात गेली त्याच आठवड्यात लावलं."

"मग मला फोनवर सांगायचंत ना! मी तिला सांगितलं असतं."

"बटणाचं काय सांगायचं फोनवर? मला वाटलं, घरी आली की दिसेलच तिला."

सासऱ्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मुलगी पोत्यावरून उठली आणि त्यांच्या स्टुलामागे जाऊन उभी राहिली. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि तो तिथेच राहिला.

शेवटी तपासनीस दुकानदाराकडे वळला. "पण हे मासे मरतात कशानं?"

"ते मला पक्कं कळलं असतं तर मी आज मोठा माणूस असतो," दुकानदार म्हणाला. "पहिला कशानं गेला, देव जाणे. कधीकधी जातो. पुढचे मात्र गर्दीनं गेले असणार. नवीन पाणी कोरं असतं हो, ते मुरावं लागतं. त्यातच माशांची घाण खाणारे जंतू तयार होतात. तोवर मासे थोडे हवेत, खाणंही थोडं. तुम्ही तिघं मिळून रोज भरती करत होतात. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं यांनी," तपासनीस म्हणाला. त्याच्या आयुष्यात आरोपीनं इतक्या लवकर कबुली दिलेली ही पहिलीच वेळ, आणि आरोपी तो स्वतःच होता.

दुकानदारानं पिशवीतले मासे परत घेतले. घरातले जास्तीचेही आणून द्या म्हणाला, फक्त चार ठेवा, रोज थोडं थोडं पाणी बदला, आणि काही मेलं तर मुकाट्यानं नवं आणू नका. घरी जाऊन तिघांनी तसंच केलं. मासे पकडताना तिघांच्याही बाह्या भिजल्या. पुढे आणखी एक मासा गेला. तो सासऱ्यांना दिसला. "एक गेला रे!" अशी त्यांनी सकाळी इतकी मोठी हाक मारली की शेजारचे घाबरून दार उघडून बाहेर आले. बाकीचे तीन तगले. पाणी पुन्हा नितळ झालं.

पाणी नितळ झालं त्या दिवशी जेवताना सासरे म्हणाले, "खरं बोलायचं ठरलंय, तर आणखी एक बोलतो. मला माझ्या घरी जायचंय."

"इथे काय कमी आहे?" मुलीनं विचारलं.

"काही नाही. तू म्हणालीस की तुम्हाला दोघांना घर खूप मोकळं मोकळं वाटतं, म्हणून आलो."

"ते मी तुम्ही यावं म्हणून म्हणाले होते. तुम्ही तिकडे एकटे राहू नये म्हणून."

"आणि मी इथे तुमच्यासाठी राहिलो होतो," सासरे म्हणाले. "म्हणजे बघ."

ती बराच वेळ भांडली. एकटे काय खाल, पडलात तर काय, रात्री छातीत दुखलं तर कोण आहे. त्यांनी एकाही प्रश्नाचं गोड उत्तर दिलं नाही. स्वयंपाक जेमतेम येतो, म्हणाले. पडलो तर पडलो, म्हणाले. शेवटी ती दमली आणि तिनं त्यांचे कपडे बॅगेत भरून दिले. भरताना निळा शर्ट हातात आला तेव्हा ती थोडी थांबली, मग तो तिनं सगळ्यांत वर ठेवला.

जावयानं त्यांना गाडीनं पोचवलं. घर बरेच दिवस बंद होतं. सासऱ्यांनी एकेक खिडकी उघडली, दिवे लागतात का पाहिलं, शिलाई मशीनवरचं कापड झटकलं, चाक फिरवून बघितलं आणि तेलाची कुपी शोधायला लागले. जावई मदतीला वाकला, तर म्हणाले, "राहू द्या, तुम्हाला सापडायची नाही. निघा आता, अंधार होईल."

संध्याकाळी मुलीनं फोन केला. तपासनीस शेजारीच उभा होता.

"कसं वाटतंय, बाबा?"

तिला वाटलं, आता ते म्हणणार, छान आहे, काळजी करू नकोस.

"वाईट," बाबा म्हणाले. "घर खायला उठतं. तिची चप्पल दारातच आहे अजून."

तपासनीसानं मान डोलवली नाही.

"मी येऊ का?" तिनं विचारलं.

"नको. आज नको. आज मला बसू दे इथे." मग ते म्हणाले, "उद्या ये. आणि येताना काहीतरी करून आण. भात करपलाय माझा."