नांदेडकडचं दार

महांतेशला मातीत ठेवून चार महिने झाले होते आणि पार्वतम्माच्या डोळ्याला अजून पाणी आलं नव्हतं. उदगीरच्या बायका म्हणत, बाईचं काळीज दगडाचं. ती म्हणे, दगड तरी हाताला लागतो.

लेकानं मागं ठेवलं ते इंटरनेटचं दुकान आणि सून शिवानी. नऊशे घरांच्या वायरी लातूरला एका भाड्याच्या खोलीतल्या राउटरला मिळत. तिथून बाहेर जायला दोन दारं. एक लातूरची लाइन, दुसरी नांदेडला थोरल्या लेकाकडं, अमरेशकडं. आज दोन वाजता रस्तावाले लातूरची लाइन उखडणार होते, आठ दिवसांसाठी. नांदेडचं दार उघडलं नाही तर घरं दुसऱ्या कंपनीकडं जाणार आणि शिवानीच्या हाताला काही उरणार नव्हतं.

ते दार पार्वतम्माच्याच तोंडानं बंद झालं होतं. वाटणीत अमरेश नाही ते बोलला, तेव्हा तिनं धाकट्याला बजावलं होतं की त्याचं काही या घरात येता कामा नये. पोरानं आईचा शब्द राउटरात लिहिला. इंटरनेटच्या कोणत्या वाटा आत घ्यायच्या याची यादी केली, नांदेडच्या वगळल्या आणि तीच यादी सगळ्या दारांना लावली.

ती काढायची कशी हे अमरेशला ठाऊक, त्याचाही धंदा हाच. पण शिवानी थोरल्या दिराशी सहा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. घरची रीतच तशी, आणि पार्वतम्मानं ती कधी मोडू दिली नव्हती. म्हणून फोन पार्वतम्माच्या कानाला. मातीच्या दिवशीही ती अमरेशशी बोलली नव्हती. आता बोलत होती ती निरोप्यासारखी.

शिवानीनं आधीच एक बेत करून ठेवला होता. दहा मिनिटांत आपण थांब म्हटलं नाही तर राउटरनं आपोआप बंद होऊन आधीच्या साठवलेल्या मांडणीनं उठावं. कशाला हे, असं सासूनं विचारलं.

"चुकलं तर लातूरला पळायला नको, आत्याबाई."

अमरेशनं दोनदा सांगितलं. सगळ्या दारांवरून यादी उतरवायची, मग ती पुसायची. पार्वतम्मानं नीट ऐकलं. पण मध्येच तो म्हणाला, "अव्वा, आवाज लई बसलाय तुझा," आणि तिच्या डोक्यात नुसतं पांढरं झालं. सुनेला तिनं एवढंच सांगितलं, यादी पूस म्हणतोय.

शिवानीनं पुसली, आणि पडदा थिजला. दारं तशीच यादी मागत उभी होती, यादी मात्र नव्हती. असं झालं की हे राउटर कुणालाच आत घेत नाही. दुकानातले दोन्ही फोन वाजायला लागले. पार्वतम्मा ते ऐकत बसली, जणू शेजारच्या घरात वाजताहेत.

"आधलं मी सांगितलंच न्हाई तिला," ती अमरेशला म्हणाली. त्यानं फोन ठेवला नाही.

दहा मिनिटांनी राउटर बंद पडून उठलं, आणखी काही मिनिटांनी पडदा हलला. यादी होती तिथं परत आली होती. घड्याळात दीड वाजला होता.

पार्वतम्मानं फोन सुनेपुढं धरला. "धर. तूच बोल."

शिवानीचा हात पदराकडं गेला.

"पदर घे न्हाई तर नको घेऊ. माझ्या तोंडातून गेलं की नासतंय."

शिवानीनं दहा मिनिटांचा बेत पुन्हा लावला. मग खाली बघत म्हणाली, "भाऊजी, आधी दारं ना?"

"हां, आधी दारं," अमरेश म्हणाला. मग तो एकेक सांगत गेला, ती करत गेली. दारांवरून यादी उतरली तशा नांदेडच्या वाटा पडद्यावर ओळीनं यायला लागल्या. शिवानीनं त्या तपासल्या, मग यादी पुसली. पुन्हा तपासलं. सगळं चालतंय म्हटल्यावर बेत रद्द केला आणि नवी मांडणी साठवून ठेवली.

दोनला लातूरची लाइन गेली. दुकानात एकही फोन वाजला नाही.

"आत्याबाई," शिवानीनं फोनवर हात ठेवला. "भाऊजी विचारतेत, उद्या येऊ का."

पार्वतम्मानं स्वतःला चाचपलं. राग नव्हता, माया नव्हती.

"मला काय विचारतीस? तूच सांग त्याला. बोलाय लागलीस न्हवं आता."

शिवानीनं फोन परत कानाला लावला.