सातवा पाइप

सातवा पाइप निम्मा वर आला आणि मार्तंडच्या कोपरात कळ उठली. मूठ ढिली पडली. पाइप वीतभर खाली घसरला, तोच त्याच्या जोडीदाराने, आश्रुबाने, पाइप पकडणारा शिकंजा आवळला. हातातून सुटलेला पाइप बोअरच्या तळाशी गेला की तो हापसा कायमचा संपला. गावात दुसरं पाणी नव्हतं. आडात चिखलही उरला नव्हता.

बाहीखाली बिब्ब्याचे डाग होते. तीन महिने मार्तंडने कोपराला चटके दिले, फडकं बांधलं, पण पाना काही सोडला नाही. परवा परभणीच्या डॉक्टरने त्याला हात पालथा करून मूठ वळायला लावली, मनगट वर उचलायला सांगितलं, आणि कळ बरोबर कोपराच्या बाहेरच्या हाडावर आली. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची दोरी तिथं बांधलेली असते, डॉक्टर म्हणाला. दुखतं कोपर, पण झिजवते मूठ. सहा आठवडे पाना बंद. उचलायचंच झालं तर तळवा वर करून, खालून. मग हळूहळू हलक्या वजनाचा व्यायाम. चिठ्ठी खिशात घालून मार्तंड दुसऱ्याच दिवशी पोखर्णीकडच्या या गावात आला होता. रोजंदारीवरच्या मेकॅनिकला सहा आठवडे कोण देतो?

"काय मेकॅनिक, हापशाआधी तुमीच बिघडलात का?" सरपंच दत्तराव बाजेवरून म्हणाले. घागरी घेऊन बसलेल्या बाया हसल्या.

मार्तंडने आश्रुबाकडे पाहिलं. अजून तीन पाइप खाली होते. आपला पाइप दुसऱ्याच्या हाती न देण्याची दोघांची आठ वर्षांची रीत होती.

"हात कामातून गेलाय माझा," तो म्हणाला. "चार माणसं द्या धरायला."

"आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी दुसरा मागवला असता. त्याला यायला पंधरा दिवस."

दत्तराव बाजेवरून उठले आणि स्वतःच पाइपाला भिडले. मागोमाग तिघं आले. मार्तंडने त्यांचे हात उलटे करून दाखवले; तळवे वर, जोर खांद्याचा. तो बोलत राहिला, ते उचलत राहिले. दहावा पाइप वर आला तेव्हा सगळ्यांचे तळवे गंजाने लाल झाले होते. तळाचं फाटलेलं वॉशर बदललं, पाइप तसेच खाली गेले, आणि ऊन उतरताना हापशाला पाणी आलं.

घागरीवाल्या बायांतल्या कडूबाईने पहिला तांब्या भरला. मार्तंडपाशी येऊन सवयीने तो उंच धरला.

"वंजळ करा मेकॅनिक, वतते."

ओंजळीला मूठ लागत नाही. कोपर दुखलं नसतं. पण छप्पन्न साली बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलं नव्हतं.

"तांब्या द्या, मावशी."

कडूबाईने दत्तरावांकडे पाहिलं. ते हातांचा गंज धोतराला पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिने तांब्या खाली आणला. मार्तंडने तो डाव्या हाताने धरला, उजवा तळवा बुडाखाली दिला आणि बेताबेताने तोंडाशी नेला.